सात वर्षं सरली, तरी तारीख सिद्ध करावी लागते

(सिडको, नाशिक इथल्या एका ताईंचं पत्र आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांचे पती कामावर जातो म्हणून अंबडकडे निघाले ते परतलेच नाहीत. चार दिवसांनी मोटारसायकल नाशिकरोड स्टेशनच्या पार्किंगमध्ये सापडली. पोलिसांत मिसिंगची नोंद आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये एका अनोळखी नंबरवरून फोन आला, पलीकडून कोणी बोललं नाही, पण ‘तो त्यांचाच श्वास होता’ असं ताईंना वाटतं. निफाड तालुक्यातल्या जमिनीवर पती आणि दोन दिरांची नावं आहेत. दीर आता वाटणीसाठी सही मागत आहेत. एलआयसीचे हप्ते २०१९ पासून थांबले आहेत. पतींना कायद्याने मृत धरावं, असा दावा सासूबाई लावू देत नाहीत. ‘सात वर्षं झाली, आता आपोआप मृत धरतात’ असं कोणी सांगतं, तर कोणी म्हणतं ‘घटस्फोट घेऊन मोकळी हो, सोपं पडतं’. ताईंनी विचारलं आहे, ‘काय करू? आणि दावा लावला तर मीच त्यांना मारल्यासारखं होईल का?’)

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तसं होणार नाही. या दाव्यात न्यायालय ‘हा माणूस मेला’ असं शोधून काढत नाही. इतकी वर्षं ज्यांना कळायला हवं होतं त्यांना काहीच कळलेलं नाही, म्हणून कायद्याच्या कामापुरतं मृत धरतो, एवढंच ते म्हणतं. हे गृहीतक आहे. उद्या ते दारात उभे राहिले तर ते खोटं ठरतं.

आता ‘आपोआप’बद्दल. सात वर्षांचा नियम पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १११ मध्ये आहे. कोणतंही कार्यालय स्वतःहून दिवस मोजत बसत नाही. प्रश्न न्यायालयापुढे आला तरच ते गृहीतक उभं राहतं. म्हणून सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) जिल्हा न्यायालयाच्या आवारात, दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा, म्हणजे न्यायालयाने त्यांना मृत धरल्याचं जाहीर करावं असा दावा, लावावा लागेल. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ खाली तो दाखल होतो. त्यातच महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी विभागाला मृत्यूची नोंद घेण्याचा आदेशही मागून घ्या. शासन आणि महापालिका दोघांनाही पक्षकार करायचं असेल तर आधी नोटीस द्यावी लागते, शासनाला दोन महिन्यांची आणि महापालिकेला एक महिन्याची. ही पायरी चुकली की दावा तिथेच अडकतो.

सात वर्षं कधीपासून मोजायची, हे फार महत्त्वाचं आहे. मोजणी मिसिंगच्या नोंदीच्या तारखेपासून होत नाही, शेवटची खबर लागली तेव्हापासून होते. तुमचा नोव्हेंबर २०१७ चा फोन इथे आडवा येऊ शकतो. तो दाव्यात लपवू नका. नंबर, तारीख, काय ऐकू आलं, नंतर त्या नंबरवर तुम्ही फोन लावलात का, सगळं जसंच्या तसं लिहा. तो फोन त्यांचाच धरला, तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये सात वर्षं पूर्ण झाली आहेत. म्हणजे खरं सांगून तुमचं काहीच जात नाही. लपवलंत आणि उलटतपासणीत बाहेर आलं, तर तुमच्या बाकीच्या साक्षीवरचा विश्वास उडेल. तसंच, ‘कोणीतरी सुरतेला पाहिलं’ असं दीर म्हणतात ना? मग ज्याने पाहिलं त्याला त्यांनी साक्षीला आणावं. जिवंत आहे म्हणणाऱ्यावरच ते सिद्ध करण्याची जबाबदारी असते, ऐकीव गोष्टीवर निकाल होत नाही.

आता एलआयसी. सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात, म्हणून सविस्तर सांगते. २००४ मध्ये एलआयसी विरुद्ध अनुराधा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की सात वर्षांनंतर गृहीत धरलं जातं ते फक्त मृत्यू झाल्याचं, तो कधी झाला हे नव्हे. ‘बेपत्ता झाले त्याच दिवशी गेले असं धरा’ असं म्हणता येत नाही. त्या दिवसाचा दावा करायचा तर पुरावा द्यावा लागतो. कोणी गोदेच्या पुरात वाहून जाताना चार जणांनी पाहिलं, तर तारखेला आधार असतो. २००४ च्या त्सुनामीनंतर आणि २०१३ च्या केदारनाथच्या महापुरानंतर बेपत्ता माणसांच्या मृत्यूच्या नोंदी सात वर्षं न थांबता झाल्या, कारण संकट आणि दिवस दोन्ही सगळ्यांना ठाऊक होते. तुमच्याकडे स्टेशनवर उभी असलेली मोटारसायकल आहे. माणूस गाडी लावून कुठेतरी गेला, एवढंच ती सांगते. त्यामुळे २०१७ ची तारीख मिळण्याची आशा मी दाखवणार नाही. हप्ते २०१९ पासून थांबले आहेत आणि मृत्यू त्याआधीचा धरता येत नाही, म्हणून पूर्ण विमा रक्कम मिळणं अवघड आहे. तरी पॉलिसी टाकून देऊ नका. त्याआधी तीन वर्षांहून जास्त हप्ते भरलेले असतील तर ती बहुधा पेड-अप होते, म्हणजे पुढचे हप्ते न भरताही कमी रकमेवर टिकून राहते, आणि त्यानुसार काही रक्कम मिळते. शाखेत जाऊन तिची सध्याची स्थिती लेखी मागा.

घटस्फोटाचा सल्ला ज्यांनी दिला, त्यांचा हेतू चांगलाच असेल. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३(१)(सात) मध्ये सात वर्षं खबर नसणं हे घटस्फोटाचं कारण आहेच. पण घटस्फोट झाला की तुम्ही त्यांच्या पत्नी राहत नाही, आणि पत्नी नाही म्हटल्यावर विधवा म्हणून वारस असण्यावरच प्रश्न उभा राहतो. जमीन, पीएफ, पॉलिसी, सगळीकडे. पुढे कधी पुन्हा लग्नाचा विचार झालाच तर तेव्हा त्यावर वेगळं बोलू. आज तो अर्ज करू नका.

दिरांच्या कागदावर सही करू नका, ताई. पतीचा हिस्सा त्यांच्या नावावर आहे, आणि मुखत्यारपत्र नसताना ‘बायको म्हणून’ त्यांच्या वतीने सही करण्याचा अधिकार तुम्हाला नाही. हक्कसोडीच्या कागदाची तर गोष्टच सोडा. न्यायालयाचा हुकूमनामा आणि मृत्यूचा दाखला हातात आला की तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. हिंदू वारसा कायद्याने त्यांच्या वाट्याचे चार समान हिस्से होतात. एक सासूबाईंचा, एक तुमचा, एक तुमच्या मुलाचा आणि एक तुमच्या मुलीचा. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिशेब बदलतो, म्हणून जुने फेरफार (जमिनीच्या मालकीतल्या बदलांच्या नोंदी) काढून आणा.

कागदांत मिसिंग नोंदीची नक्कल घ्या. ‘शोध घेतला, मिळून आला नाही’ असं पोलीस ठाण्याचं पत्र मिळत नसेल तर माहिती अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. कंपनीकडून शेवटच्या हजेरीचा उतारा आणि बँकेकडून २०१७ पासूनचं खात्याचं विवरण घ्या. त्या खात्यातून त्यांनी एक रुपयाही काढलेला नाही, ही गोष्ट दहा साक्षीदारांच्या तोडीची आहे. आणि ती पार्किंगची पावती. तुम्ही लिहिलंय की ती पोथीत ठेवली आहे. यंत्रातून निघणाऱ्या पावतीवरची अक्षरं पुसट होत जातात. आजच बाहेर काढा, गाडीचा नंबर आणि तारीख वाचता येत असतानाच तिच्या दोन झेरॉक्स काढा, मग मूळ पावती परत पोथीत ठेवा.

साक्षीदारांबद्दल मी स्वतःच्या चुकीतून शिकले. वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच एका दाव्यात मी फक्त पत्नीची साक्ष नोंदवली. दावा फेटाळला गेला. ज्यांना स्वाभाविकपणे कळलं असतं ती बाकीची माणसं कुठे आहेत, असं न्यायालयाने विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या बाईंना पुन्हा पहिल्यापासून सगळं करावं लागलं. तेव्हापासून मी भाऊ, जिवलग मित्र, कामावरचा सोबती यांच्या साक्षीशिवाय असा दावा पुढे नेत नाही.

यात सगळ्यात वजनदार साक्ष सासूबाईंची होईल. अजून त्या आपल्या मुलाच्या चपला दाराशी पुसून ठेवतात, असं तुम्ही लिहिलंत. त्यांना चपला उचलायला सांगू नका. त्या हिस्सेदार आहेत, म्हणून दाव्यात त्यांचं नाव येईल, प्रतिवादी म्हणूनही येईल. त्या शब्दाला त्या घाबरतील, तेव्हा हा आरोप नाही हे आधीच समजावून सांगा. श्राद्ध घाला, असं न्यायालय कुणाला सांगत नाही. मुलगा गेला असं त्यांना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून म्हणायचं नाही, म्हणायला लावणारही नाही. ‘ऑगस्ट २०१७ पासून माझ्या मुलाचा मला फोन नाही, पत्र नाही, निरोप नाही,’ एवढंच सांगायचं. ते खरं आहे, आणि दाव्याला तेवढंच लागतं. हवं तर त्यांना घेऊन एकदा माझ्याकडे या, मी त्यांच्याशी बोलते.