शेण मोजा, मग खड्डा काढा

मागच्या अंकात आमच्या गोबरगॅसविषयी सहज चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर सतरा पत्रं आली. दुधाच्या दरावर लिहिते तेव्हा एवढी येत नाहीत! त्यातली चार इथे घेतली आहेत. बाकीच्यांचे प्रश्न थोडेफार यांतच आले आहेत, त्यामुळे कुणी राग धरू नये.

ताई, आमच्याकडे तीन म्हशी, एक जर्सी गाय आणि दोन रेडकं आहेत. घरात सात माणसं. गावात एक एजंट येऊन गेला. तो म्हणतो, चार घनमीटरचा बांधा, पुढंमागं जनावरं वाढतील आणि गॅसही भरपूर मिळेल. बांधावा का? — एक वाचक, ता. शाहूवाडी

भाऊ, बांधा. पण चारचा नको. (हा आकडा म्हणजे प्लँटमधून दिवसाला मिळू शकणारा गॅस.)

याचं कारण आमच्याच घरात घडलं आहे. १९९४ साली आमच्या मामंजींनी सहा घनमीटरचा बांधला, लोखंडी टाकी वर-खाली होणारा. गावात कुणाचा एवढा मोठा नव्हता, हेच त्याचं खरं कारण. गोठ्यात तेव्हा दोन म्हशी आणि एक बैलजोडी. बैल दिवसभर शेतात, त्यांचं शेण बांधावर नाहीतर रस्त्यावर. टाकी वर यायची ती वीतभर. सकाळचा चहा व्हायचा, आमटीला उकळी फुटायची आणि ज्योत मान टाकायची. मग मी फुंकणी घेऊन चुलीपुढं. टाकीला दरवर्षी रंग द्यावा लागतो, तो कुणी दिला नाही. चौथ्या वर्षी ती गंजून भोकं पडली. पुढं कितीतरी वर्षं ती गोठ्यामागं उलटी पडलेली होती आणि तिच्याखाली कोंबड्या बसायच्या. गावानं मात्र ठरवून टाकलं, की गोबरगॅस हे काही खरं नाही.

गॅस टाकीतून येत नाही, शेणातून येतो. टाकी मोठी म्हणून गॅस जास्त, हे म्हणजे कासंडी मोठी म्हणून म्हैस जास्त दूध देईल म्हणण्यासारखं आहे.

म्हणून आधी शेण मोजा. जनावरं मोजू नका, शेण मोजा. पेंड मोजायचा काटा असेल तो घ्या आणि सलग सात दिवस गोठ्यात पडलेलं शेण घमेल्यानं तोलून वहीत मांडा. चरायला जाणारी म्हैस बाहेर टाकून येते ते धरायचं नाही. गोवऱ्यांना लागतं ते वजा करायचं. तुमच्या वर्णनावरून साधारण ४० किलो भरेल असं वाटतं. एक किलो ताज्या शेणापासून ४० लिटरच्या आसपास गॅस मिळतो, म्हणजे एका घनमीटरला २५ किलो शेण. ४० किलोत १.६ घनमीटर होतो. स्वयंपाकाला माणशी दिवसाला पाव घनमीटर धरतात. सात माणसांना जेमतेम पुरेल. आंघोळीचं पाणी त्यावर तापवायचं स्वप्न बघू नका.

तेव्हा दोन घनमीटरचा दीनबंधू बांधा. हा १९८४ साली आलेला विटांच्या घुमटाचा नमुना. तो पूर्ण जमिनीत असतो, त्यात लोखंड नाही, म्हणून गंज नाही. आम्ही २००३ मध्ये बांधला तो अजून चालतो. पण गवंडी मात्र यातलाच शोधा. घर उत्तम बांधणारा गवंडी घुमट गळका करून ठेवतो, कारण घराच्या भिंतीतून गॅस धरून ठेवायचा नसतो. आतून गिलाव्याचे किती थर देतो आणि ते किती घोटतो, हे शेजारी उभं राहून बघा. अनुदान हवं असेल तर पंचायत समितीच्या कृषी विभागात खड्डा काढायच्या आधी जा.

पहिल्यांदा भरताना दोन टन शेण लागतं, एक ट्रॉली म्हणा. रोजचं साठवत बसलात तर ते वाळून जाईल. भावकीकडून, शेजाऱ्यांकडून आठवड्याभरात गोळा करा, तेवढंच पाणी घालून कालवा आणि कुणाच्या चालू प्लँटमधली पाच-दहा बादल्या स्लरी, म्हणजे गॅस निघून गेल्यावर बाहेर येणारा शेणाचा पातळ रबडा, विरजणासारखी घाला. मग गप्प बसायचं. पहिला गॅस पेटत नाही, त्यात मिथेन कमी असतो. तो सोडून द्यायचा. याच वेळी लोक घाबरून रोज नवीन शेण ढकलत राहतात आणि आतला माल आंबट करून ठेवतात. ज्योत निळी पेटली की रोजची घमेली सुरू करायची.

गेली दोन वर्षं आमचा प्लँट छान चालत होता. दिवाळीपासून गॅस निम्म्यावर आला आहे आणि शेगडी पेटवली की ज्योत भकभक करते. बांधणारा फोन उचलत नाही. — एक गृहिणी, ता. वाळवा

वहिनी, हे दोन वेगळे आजार आहेत.

भकभक म्हणजे पाइपात पाणी. गॅस ओला असतो. पाइप कुठंतरी खाली लोंबला की त्या झोळात पाणी साठतं आणि गॅस गुळण्या करत येतो. पाइपाच्या सगळ्यात खालच्या जागी पाणी काढायचा नळ किंवा बूच असेल, ते उघडून पाणी सोडा. नसेल तर बसवून घ्या. आमच्याकडे महिन्यातून दोनदा तांब्याभर तरी निघतं.

गॅस कमी होण्याचं एक कारण थंडी. आतले जंतू पस्तीस अंशांच्या आसपास खुशीत असतात, वीसच्या खाली गारठतात. पाणी सकाळी विहिरीचं गार घालू नका, काळ्या पिंपात उन्हात ठेवून दुपारी कालवा. घुमटावर पाचट पसरा. एवढ्यानं बराच फरक पडतो, पण निम्मा गॅस केवळ थंडीनं जात नाही. म्हणून तुम्हाला विचारते: दिवाळीला गोठा फिनेलनं धुतला होता का? ते पाणी नालीतून प्लँटमध्ये गेलं का? एखाद्या म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली, इंजेक्शनं दिली आणि तिचं शेणही घातलं का? जे औषध रोगाचे जंतू मारतं ते पोटातले आणि प्लँटमधलेही मारतं. औषध चालू असलेल्या जनावराचं शेण आठ-दहा दिवस उकिरड्यावर टाका. मी हे २०११ साली शिकले, पंधरा दिवस चुलीवर भाकऱ्या थापून.

आणि गोठा पाइपानं धुऊन ते सगळं पाणी आत सोडायची सवय असेल तर तीही बंद करा. शेणाला पाणी बरोबरीनं, ताकासारखं नाही, पिठल्यासारखं. वैरणीच्या काड्या हातानं वेचून काढायच्या. त्या वर तरंगतात, त्यांची जाड साय धरते आणि गॅस खालीच अडतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. साय फोडायला म्हणून घरातल्या कुणालाही आत उतरू देऊ नका. रिकामा केलेला असला तरी नाही. आतल्या वायूनं माणूस हाक मारायच्या आत कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेलाही वर येत नाही. ढवळायचं ते बाहेरून, लांब बांबूनं.

माझा चाळीस एचएफ (होल्स्टीन) गायींचा गोठा आहे. वीजबिल फार येतं. शेणापासून वीज करावी की सीएनजी? गुजरातेत शेणावर गाड्या चालतात असं वाचलं. — एक दूध उत्पादक, ता. संगमनेर

गुजरातचं खरं आहे. बनास डेअरीचा डीसाजवळ दामा इथला प्लँट शेतकऱ्यांकडून शेण विकत घेतो आणि त्याचा सीएनजी करतो. पण त्याची भूक दिवसाला ४० टन आहे! तुमच्या चाळीस गायी मुक्त गोठ्यात असल्या तरी हाती लागणारं शेण ६०० किलो धरा. त्याचा २४ घनमीटर गॅस होईल. तो शुद्ध करून, दाबून सिलिंडरमध्ये भरला तर दहा-बारा किलो सीएनजी. तेवढ्यासाठी कॉम्प्रेसर, परवाने आणि एक माणूस पोसणं एकट्याला झेपत नाही. दहा-वीस गोठ्यांनी किंवा दूध संघानं मिळून करायचं काम आहे ते.

वीज होईल. घनमीटरला दीड युनिट धरलं तर दिवसाला ३५ युनिटच्या आसपास. कडबाकुट्टी, दूध काढायचं यंत्र, दिवे एवढं त्यात बसतं. बल्क कूलरचं, म्हणजे दूध थंड ठेवायच्या मोठ्या टाकीचं, मी छातीठोक सांगणार नाही. इंजिनात गॅस सोडण्याआधी त्यातला सडक्या अंड्याच्या वासाचा वायू काढावाच लागतो, नाहीतर तो इंजिन खाऊन टाकतो. लोखंडाच्या किसातून गॅस नेतात, तो कीस वेळेवर बदलावा लागतो. विकणारा हे शेवटी आणि हळू आवाजात सांगतो.

पण भाऊ, तुम्ही विचारलाच नाहीत तो प्रश्न मला मोठा वाटतो. सहाशे किलो शेण आणि सहाशे लिटर पाणी रोज आत गेलं की जवळपास तेवढीच स्लरी रोज बाहेर येणार. बाराशे लिटर. महिन्याला ३६,००० लिटर, म्हणजे पाच हजारी टँकरच्या सात खेपा. तुमच्याकडे जमीन किती? पावसाळ्यात ती कुठं सोडणार? ओढ्यात सोडलीत तर खालचं गाव तुमच्या दारात येईल, आणि यायलाच पाहिजे.

जमीन असेल तर मात्र गॅस हा वरचा नफा आणि स्लरी ही खरी कमाई, असं माझं मत आहे. उकिरड्यावर शेणातला नत्र हवेत उडून जातो. प्लँटमध्ये बंद राहिल्यानं तो जवळपास सगळा स्लरीत उतरतो. आम्ही ती पाटाच्या पाण्याबरोबर उसाला ताजीच सोडतो. वाळवून ठेवली तर पुन्हा नत्र गेलाच. युरियाची पोती पूर्वी एकराला मोजून आणायचो, आता त्यातलं निम्मं लागत नाही. आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुऱ्यात बायकांनी स्लरी विकायची सहकारी संस्था काढली आहे, एनडीडीबीच्या (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या) मदतीनं. संगमनेरकरांनी सीएनजीची गाडी बघायला जाण्याआधी ते गाव बघून यावं.

आमचे मिस्टर म्हणतात, संडासही प्लँटला जोडू. सासूबाई म्हणतात, मग त्या गॅसवरची भाकरी मी तोंडात घालणार नाही. काय करू? — नाव छापू नये

नाव छापलं नाही.

सासूबाईंना सांगा, की मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णांच्या आश्रमात १८९७ सालीच मैल्याचा गॅस वापरात होता. आणि देहूत, तुकोबांच्या गावी, डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या गोबरगॅससाठी आयुष्य घातलं. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. देहूचं नाव काढल्यावर सासूबाई निदान ऐकून तरी घेतील.

मिस्टरांनाही सांगा, की सात माणसांची भर म्हणजे पाच-सहा किलो शेणाएवढी. गॅससाठी म्हणून जोडू नका. सेप्टिक टँकचा खर्च वाचतो आणि घाण झाकली जाते, म्हणून जोडा. मग संडासात ॲसिड, फिनेल ओतायचं नाही. आणि ती स्लरी कोथिंबीर-मेथीला नाही, उसालाच.

आमच्या आत्याबाईंनीही असाच हट्ट धरला होता. मी वाद घातला नाही. त्यांच्यासाठी वेगळी चूल ठेवली, तीन महिने रोज दोन भाकऱ्या त्यावर केल्या. मग पावसाळा आला, जळण भिजलं, स्वयंपाकघरात धूर मावेना. एका संध्याकाळी डोळे पुसत त्याच म्हणाल्या, "तव्याखाली काय जळतंय ते भाकरीला कळतंय व्हय? घाल तिकडं."