दोन वाणांची सरासरी सारखी. मग निवडायचा कोणता?

प्रश्न: चाचणीच्या तक्त्यात दोन वाणांचे सरासरी उत्पादन हेक्टरी २० क्विंटलच आहे. तरी एकाला ‘स्थिर’ आणि दुसऱ्याला ‘अनुकूल परिस्थितीसाठी’ म्हटले आहे. असे का?

उत्तर: सरासरीची फोड करून पाहा. समजा, चांगल्या, मध्यम आणि हलक्या रानात पहिल्या वाणाने ३०, २० आणि १० क्विंटल दिले, तर दुसऱ्याने २३, २० आणि १७. बेरीज दोन्हींची ६०. पण हलक्या रानात पहिल्याने दिलेला फटका सरासरीत दिसतच नाही.

तो दिसावा म्हणून एबरहार्ट आणि रसेल या पीक-पैदास शास्त्रज्ञांनी १९६६ साली मांडलेली पद्धत वापरतात. त्यात रान चांगले की वाईट हे माती-पावसावरून ठरवत नाहीत. चाचणीतल्या सगळ्या वाणांनी तिथे सरासरी किती दिले, त्यावरून ठरवतात. मला ही कल्पना फार मोलाची वाटते, कारण इथे कौल पिकाचाच असतो. समजा ही सरासरी तीन रानांत २६, २० आणि १४ आली. मग रान एका क्विंटलने सुधारले की वाण किती वाढतो, हा त्याचा प्रतिसाद गुणांक. पहिल्याचा तो १.६७ येतो, दुसऱ्याचा ०.५. गुणांक १ म्हणजे वाण इतरांच्या बरोबरीने वर-खाली होतो.

म्हणून पाणी हुकमी असेल तर पहिला घ्या. पाऊस बेभरवशाचा असेल, तर दुसरा. मात्र नुसता कमी गुणांक पाहून भुलू नका: सगळीकडे ८ क्विंटलच देणाऱ्या वाणाचा गुणांक शून्य येतो, पण त्याचा उपयोग काय? आधी सरासरी बघा, मग गुणांक.

तक्त्यात ‘विचलन’ नावाचा रकाना असतो, म्हणजे गुणांकावरून बांधलेल्या अंदाजापासून वाणाचे प्रत्यक्ष उत्पादन किती हटले ते. तो बहुतेकजण सोडून देतात. तो जरूर वाचा. विचलन मोठे असेल तर गुणांकावरून बांधलेला अंदाज चुकू शकतो. वाण एखाद्या ठिकाणी रोगाला बळी पडला किंवा लोळला असेल, तर ते कारण शोधा. दोन वाणांतला फरक ‘क्रांतिक फरका’पेक्षा (ज्याहून कमी फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकतो, त्या मर्यादेपेक्षा) कमी असेल तर एकाला सरस समजू नका. आणि एकाच हंगामाच्या आकड्यांवर वाण बदलू नका, कारण ठिकाणाइतकाच वर्षाचाही फरक पडतो.

नवा वाण आवडलाच, तर पहिल्या वर्षी जुन्या वाणाशेजारी त्याच्या काही ओळीच पेरा आणि दोन्हींची मळणी वेगळी करून वजन लिहून ठेवा.