बेंचवर सगळं नीट चालतं, मग स्टेटचार्ट आणि उप्पाल कशाला शिकायचं?

तुम्ही विचारलंय की दोन वर्षं कंट्रोलरचा कोड सी भाषेत लिहिताय, बेंचवर, म्हणजे कामाच्या टेबलावर, टेस्ट पास होतात, मग स्टेटचार्ट (यंत्राच्या अवस्था आणि त्यांतले बदल दाखवणारं चित्र) आणि उप्पाल (असं मॉडेल तपासणारं सॉफ्टवेअर) ही साधनं शिकण्यात वेळ घालवावा का? जरूर घालवा. मी बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनलचं काम करतो. मलाही आधी तुमच्यासारखंच वाटायचं. कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, शिकताना स्टेट डायग्राम काढले ते परीक्षेपुरतेच.

मग अलकापुरीतल्या एका इमारतीतून तक्रार आली, लिफ्ट कधीतरी निघता निघता झटका देऊन थांबते. दाराच्या सेफ्टी कॉन्टॅक्टने मोटरची वीज तोडली म्हणून कुणाला लागलं नाही, पण ती वेळच यायला नको होती. आम्ही तीन दिवस बेंचवर बटणं दाबत बसलो. एकदाही तसं झालं नाही.

शेवटी कोड बाजूला ठेवला. उप्पालमध्ये दाराचं एक आणि मोटरचं एक अशी दोन चित्रं काढली, मधे संदेशांची रांग, दाराला एक घड्याळ. खाली एकच अट लिहिली: मोटर चालू असताना दार कधीही ‘बंद’ सोडून दुसऱ्या अवस्थेत नसावं. क्षणभरात उत्तर आलं की अट मोडते, आणि कशी मोडते ते पायरी पायरीने समोर. दार बंद झालं, तसा संदेश रांगेत गेला. मोटरच्या टास्कने, म्हणजे मोटर सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या भागाने, तो उचलायच्या आत कुणीतरी ‘उघडा’ दाबलं. दार उघडायला लागलं. मग मोटरने तो शिळा संदेश वाचला आणि निघाली. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा, बोटाने कसा सापडणार? मोटरने निघण्याआधी दाराकडून परवानगी घ्यायची आणि ती परत मिळेपर्यंत दाराने ‘उघडा’ मानायचं नाही, असं मॉडेलमध्ये बदललं. पुन्हा तपासलं, अट टिकली, मगच कोडला हात लावला.

सिम्युलेशन, म्हणजे मॉडेल चालवून बघणं, आणि उप्पालने केली तशी पडताळणी यांत फरक आहे तो हाच. सिम्युलेशनमध्ये तुम्ही निवडलेला एक मार्ग दिसतो. पडताळणी मॉडेलमधले सगळे मार्ग धुंडाळते, तुमच्या मनात न आलेलेसुद्धा. तरी सिम्युलेशन सोडू नका. चित्र काढताना झालेल्या चुका तिथेच लवकर दिसतात.

स्टेटचार्ट संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी मांडले, इस्रायलच्या लावी लढाऊ विमानाच्या कामात. तिथल्या इंजिनिअरांना विमान कसं वागायला हवं ते एकमेकांना सांगायला साधी भाषा नव्हती. 1987 च्या त्यांच्या लेखात उदाहरण मात्र मनगटी डिजिटल घड्याळाचं आहे. चार बटणांत किती गुंता असतो ते बघायला तो लेख अवश्य वाचा. वेळेचं गणित राजीव अलूर आणि डेव्हिड डिल या संगणकशास्त्रज्ञांच्या टाइम्ड ऑटोमेटामधून, म्हणजे घड्याळं जोडलेल्या अवस्थांच्या मॉडेलमधून आलं. उप्पाल त्यावरच उभं आहे आणि नाव उप्साला आणि आल्बोर्ग या दोन विद्यापीठांचं मिळून. नुसते संदेशांचे क्रम तपासायचे असतील, मिलिसेकंद मोजायचे नसतील, तर स्पिन हे दुसरं तपासणीचं सॉफ्टवेअर पुरतं.

अडचणी आहेत. दहा अवस्थांचे दहा भाग एकत्र केले की 1000 कोटी जोड्या होतात, मशीन गुदमरतं. म्हणून धोक्याचा तेवढाच भाग उचलायचा, बाकी गाळायचं. आणि मॉडेल म्हणजे कोड नव्हे. मॉडेल बरोबर आणि कोडमध्ये टायमर चुकीचा, हे माझ्याकडून झालंय, म्हणून टेस्टिंग चालूच ठेवा.

सुरुवात साधनापासून करू नका. तुमच्या कंट्रोलरबद्दल ‘असं कधीही होऊ नये’ अशी पाच वाक्यं मराठीत लिहा. माझं तिसरं वाक्य लिहितानाच पेन थांबलं होतं: दार अर्धं उघडं असताना लाइट गेली आणि परत आली, तर कंट्रोलरने दार कुठे आहे असं समजायचं? ते आमच्या कागदात कुठेच नव्हतं. तुमचं पेन जिथे असं थांबेल, त्या वाक्यापासून पहिलं मॉडेल काढा.