डिस्ट्रो बदलण्याआधी

लिनक्सची एखादी डिस्ट्रो (म्हणजे लिनक्सचा तयार प्रकार) वापरून बघायची असली, तरी विंडोज लगेच पुसू नकोस. रिकाम्या पेनड्राइव्हवर व्हेंटॉय, म्हणजे त्यावरून डिस्ट्रो सुरू करून देणारं साधन, टाक (आधीचं सगळं पुसलं जातं, लक्षात ठेव), मग मिंट, फेडोरा, डेबियन अशा डिस्ट्रोंच्या आयएसओ फाइली (अख्खी डिस्ट्रो एकाच फाइलीत) त्यावर नुसत्या कॉपी करायच्या. लाइव्ह मोडमध्ये (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालवताना) वॉलपेपर बघत बसू नकोस. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, आणि मुख्य म्हणजे झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, ते बघ. बरीच रड तिथेच असते. पेनड्राइव्हवरून सगळं हळूच चालतं, त्यावरून वेग ठरवू नकोस.

नुसतं रूप आवडलं नाही म्हणून डिस्ट्रो कशाला बदलायची? मिंटवरच एक्सएफसीई (वेगळ्या रूपाचा डेस्कटॉप) टाक आणि लॉगिन करताना निवड. तरीही उड्या मारायच्याच असतील, तर होम (तुझ्या फाइली आणि सेटिंग्जचं फोल्डर) वेगळ्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या भागावर ठेव आणि पुढच्या इन्स्टॉलला तेवढं फॉरमॅट करू नकोस. बॅकअप मात्र बाहेरच्या डिस्कवर हवाच.