रिकामो आणि रक्कम

प्रश्न असा आलाय: ‘सोळाव्या शतकातल्या युरोपच्या छापील भरतकामाला कला म्हणावं की कारागिरी?’

आधी ते ‘छापील भरतकाम’ टाका बघू! छापत होते ते नमुने. भरायचं काम सुईचंच. ‘भरतकामाचे छापील नमुने’ म्हणायला जीभ दुखत नाही. १५२४च्या सुमारास जर्मनीतल्या औग्सबुर्गला धाकट्या शोन्स्पेर्गर या मुद्रकाने अशा नमुन्यांचं पुस्तक काढलं आणि मग व्हेनिसने धडाकाच लावला.

खरी मेजवानी आहे भरतकामाच्या इटालियन शब्दात: ‘रिकामो’. आपल्या रिकामटेकड्यांशी त्याचा संबंध नाही. नातं आहे ते ‘रक्कम’शी. अरबी र-क-म धातूचे अर्थ खूण करणे, लिहिणे, आकडा मांडणे आणि कापडावर नक्षी काढणे. इटलीत त्यातली सुई पोचली, फारसीमार्गे आपल्याकडे आकडा आला. आता व्हेनिसचा सुलेखनकार तालिएन्ते बघा: १५१५ला नातलगासोबत हिशेबाचं पुस्तक, १५२४ला सुलेखनाचं, १५२७ला भरतकामाचं. एका धातूचे तीन अर्थ एका माणसाच्या नावावर! योगायोग म्हणणारे म्हणोत. मला तर चौकटींच्या कागदावरचा नमुना ही रक्कमच वाटते, कारण तो गिरवायचा नसतो, मोजायचा असतो. ४० चौकटी रुंद आणि ४० उंच असं फूल, चौकटीला एक टाका, दर टाक्याला दोन धागे. उभे धागे सेंटिमीटरला १० असले तर रुंदी ८ सेंमी. पण आडवे १२ निघाले तर उंची सुमारे ६.७, आणि फूल चपटं.

बिनचौकटीच्या नमुन्याला ‘खाका’ लागतो. तो फारसी ‘खाक’वरून, म्हणजे धुळीवरून. नमुन्याच्या रेघेवर सुईने भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची, ठिपके लगेच शाईने जोडायचे. पुरचुंडी घासली की फराटे उठतात. भोकं मोठी झाली की डाग पडतात. पानाची चाळण होते ती वेगळीच. जुन्या प्रती इतक्या कमी का उरल्या, याचं हे एक कारण.

कला की कारागिरी? रेखाटन करणारा कलावंत आणि भरणारा नकलाकार, अशी वाटणी करणारे पंडित सोळाव्या शतकात कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीची साक्ष काढतात. त्यांनी वासारी नीट वाचावा. फ्लोरेन्सच्या सान जोव्हान्नी या चर्चमधल्या धर्मगुरूंच्या वस्त्रांची चित्रं चित्रकार पोल्लायुओलोची, हे तो सांगतोच. पण ती भरणाऱ्या पाओलो दा व्हेरोनाला तो त्याच्या कामात ‘दैवी’ म्हणतो.