इगतपुरीकडे सुट्टीचे छोटे घर बांधू पाहणाऱ्यास

आपण त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी अशा दोन्ही बाजूंना जागा पाहत आहात, तेव्हा घराचा नकाशा काढून घेण्याआधी सातबारा उतारा आणि मागचे सर्व फेरफार (मालकी-हक्कातील बदलांच्या नोंदी) नीट वाचून घ्यावेत. आपण शेतकरी नसाल, तर महाराष्ट्रात शेतजमीन सहजासहजी खरेदी करता येत नाही. त्यामुळे बिगरशेती झालेला भूखंड महाग वाटला तरी तोच घ्यावा. उताऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ (म्हणजे विक्रीवर सरकारी बंधन असलेली जमीन) अशी नोंद असेल किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर परवानगीशिवाय व्यवहार होत नाही, आणि या तालुक्यांत अशा जमिनी पुष्कळ आहेत. ‘परवानगी नंतर काढून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती विसार देऊ नये.

बांधकामात पैसा राखावा तो पावसासाठी. नाशिक शहरात वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो, इगतपुरीला त्याच्या जवळजवळ चौपट. शहरातल्या मिस्त्रीला सपाट स्लॅबची सवय असते, पण इगतपुरीला उतरते छप्पर, चांगल्या बाहेर आलेल्या वळचणी आणि उंच जोतेच हवे. काळी माती लागली, तर पाया मुरुमापर्यंत न्यावा, कारण ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तिरक्या भेगा पाडते.

एक खोली, ओटा, स्वयंपाकाचा कोपरा आणि संडास-न्हाणी एवढ्यावर सुरुवात करावी. फरशी शहाबादी पुरे. पाण्याची चौकशी मात्र मे महिन्यात, शेजारच्या विहिरींचा तळ स्वतः पाहून करावी आणि मगच बोअरवेलचा खर्च धरावा.