भेट न झालेल्या माणसाचे सुतक

गेल्या काही वर्षांत जळगावच्या माझ्या समुपदेशन कक्षात एकच प्रश्न निरनिराळ्या तोंडून आला आहे. "ताई, ज्या माणसाला मी कधी प्रत्यक्ष पाहिलंसुद्धा नाही, त्याच्या जाण्याने मला इतकं का लागावं?" विचारणारा कधी रावेरकडचा केळी उत्पादक असतो, कधी स्पर्धा परीक्षेचा ऑनलाइन अभ्यासगट चालवणारी धुळ्याची मुलगी असते, आणि बहुतेक जण हा प्रश्न विचारण्याआधी माफी मागतात. ती माफी मला फार खुपते, म्हणून हा अनुभव लिहीत आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

अमळनेरजवळच्या गावातल्या त्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका ६३ वर्षांच्या. गावात सगळे त्यांना 'बाई' म्हणतात, मीही तेच म्हणत असे. २०२० च्या टाळेबंदीत त्यांनी जात्यावरच्या ओव्या आणि विस्मरणात चाललेले अहिराणी शब्द गोळा करण्यासाठी व्हॉट्सअॅपवर २३ जणींचा गट सुरू केला होता. त्या गटात सुरतेजवळच्या उधन्याच्या एक बाई होत्या. पोटापाण्यासाठी खानदेशातून सुरतेला गेलेल्या असंख्य कुटुंबांपैकी त्यांचे एक कुटुंब. रोज पहाटे साडेपाचला त्या आपल्या आवाजात एक ओवी पाठवत. कार्तिकात एके दिवशी ती आली नाही. एकोणिसाव्या दिवशी त्यांच्या मुलाने त्याच क्रमांकावरून आई गेल्याचे दोन ओळींत कळवले. गटावर हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली आणि अर्ध्या तासाच्या आत कोणीतरी नेहमीचे फुलांचे चित्र टाकले. घरी सूनबाईंनी विचारले, "कोण होत्या त्या? तुम्ही कधी भेटला होता का?" सुनेच्या विचारण्यात वाईट हेतू नव्हता, पण त्या प्रश्नानंतर बाई घरात रडल्या नाहीत.

त्या माझ्याकडे आल्या चार महिन्यांनी, आणि त्यालाही कारण घडले. साधारण १२० दिवस वापर झाला नाही की व्हॉट्सअॅप ते खाते काढून टाकते आणि ती व्यक्ती गटांतूनही आपोआप बाहेर पडते. बाई गटाच्या अॅडमिन असल्याने उधन्याच्या बाईंनी गट सोडल्याची बारीक करडी ओळ त्यांना दिसली. "ताई, ती मेली तेव्हा मी सावरले होते," त्या म्हणाल्या, "पण ही ओळ वाचून वाटलं, ती रुसून निघून गेली."

पहिल्या दोन भेटींत त्या एकाच गोष्टीवर अडून होत्या. एकोणीस दिवस ओवी आली नाही, आणि आपण फोन केला नाही. मी कारण विचारले. "फोन करण्याइतकी आपली ओळख आहे का, असं वाटत राहिलं." यावर 'तुमचा काही दोष नाही' असे म्हणून मोकळे होणे सोपे होते, परंतु घाईने दिलेला दिलासा माणसाला अधिक एकटे करतो असा माझा अनुभव आहे. म्हणून मी विचारले, "तुम्ही दुसऱ्या दिवशी फोन केला असता तर काय झालं असतं?" उधन्याच्या बाई पहिल्याच रात्री झोपेत गेल्या होत्या. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ती वाचली नसती. पण मी दारावर गेले असते. गंधमुक्तीला गेले असते. गाडी आमच्याच स्टेशनावरून जाते हो!" उधना ते जळगाव हा लोहमार्ग अमळनेरवरूनच जातो. इतकी वर्षे दोघी एकाच रुळाच्या दोन जागी राहत होत्या.

ज्याला त्या अपराध समजत होत्या ती खरे तर चुकलेल्या द्वारदर्शनाची खंत होती, हे मला त्या क्षणी कळले, आणि त्यानंतर अशा प्रत्येक माणसाकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली. आपल्याकडे मरणानंतर दारावर जायचे असते, अंगणात सतरंजीवर बसायचे असते, दहावा, गंधमुक्ती, उत्तरकार्य असे दिवस ठरलेले असतात. दुःखाला उभे राहायला जागा आणि संपायला तारीख मिळते. फोनवरच्या मैत्रिणीसाठी यातले काहीच नसते. अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये अशा दुःखाला 'हक्क नाकारलेले दुःख' (disenfranchised grief) असे नाव दिले. त्याचा आशय असा की, ज्या दुःखावर समाज तुमचा हक्कच मान्य करत नाही ते दुप्पट जड होते. मी याच विचाराला मानणारी आहे.

चौथ्या भेटीत मी त्यांना उधन्याच्या बाईंची एक ओवी ऐकवायला सांगितले. त्यांच्या फोनमध्ये हजाराच्या वर ध्वनिसंदेश होते. त्यांनी एक लावला. थकलेला, किंचित घोगरा आवाज, मागे कुकरची शिट्टी आणि दुरून जाणारी गाडी. "ही शिट्टी सोमवारची," बाई म्हणाल्या, "सोमवारी नातवाची शाळा लवकर असायची. आणि आवाज असा बसला की समजायचं, काल लग्नकार्याला गेली होती." त्या सांगत गेल्या आणि मध्येच थांबल्या. "समोर आली असती तर मी तिचा चेहरा ओळखला नसता. पण तिचं स्वयंपाकघर मी डोळे मिटून ओळखेन." आणि मग अहिराणीत, स्वतःशीच बोलल्यासारखे, "ती मनी बहीण व्हती." त्या दिवशी त्या पहिल्यांदा मोकळेपणाने रडल्या. मी मधे बोलले नाही, याचे मला आजही समाधान वाटते.

म्हणून प्रश्नाचे उत्तर असे की, दुःख भेटींच्या संख्येवर ठरत नाही, त्या माणसाने आपल्या दिवसात किती जागा व्यापली होती त्यावर ठरते. पहाटे साडेपाचची जागा रिकामी झाली, तर ती रिकामीच वाटणार.

मात्र दार नसेल तर ते शोधावे लागते. बाईंनी त्या मुलाला विचारून सगळ्या ओव्या पेनड्राइव्हवर घातल्या आणि स्वतः गाडीने उधन्याला नेऊन दिल्या. आई पहाटे गात असे हे मुलाला ठाऊक होते, पण तेव्हा तो झोपेत असे आणि त्याच्याजवळ तिची एकही ओवी नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बाईंनी मला फोन केला. "घागर घरच्या पितरांची भरतात. तिच्यासाठी कशी भरू?" मी त्यांना आठवण करून दिली की आपल्या तर्पणात सगेसोयऱ्यांच्या जोडीला मित्रांनाही पाणी दिले जाते, आणि ज्यांचे आपल्याशी कोणतेच नाते नव्हते त्यांनाही. त्यांनी दुसरी घागर भरली, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवले, समोर सांजोरी ठेवली.

अशा गटांत असणाऱ्यांना मी काही गोष्टी आग्रहाने सांगते. प्रत्येकाने घरच्या एका माणसाचा क्रमांक गटातील एकाकडे तरी देऊन ठेवावा, आणि नेहमी बोलणारा माणूस तीन-चार दिवस गप्प राहिला तर फोन कोणी करायचा हे आधीच ठरवावे. बाईंच्या गटाने आता तसे केले आहे. मृत्यूची बातमी आली त्या दिवशी शुभेच्छांची चित्रे थांबवावीत आणि चिन्हांऐवजी त्या माणसाची एक आठवण लिहावी. घरच्यांना आजारपणाचे तपशील विचारू नयेत. गेलेल्या माणसाचा क्रमांक बंद झाल्यावर किमान ९० दिवसांनी तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, त्यामुळे एखाद्या दिवशी त्याच नावापुढे अनोळखी तरुणाचे छायाचित्र दिसले तर दचकू नये. हवे ते संदेश आधीच जपून ठेवावेत. सहा महिने उलटूनही जेवण, झोप आणि कामकाज रुळावर येत नसेल, तर मात्र तज्ज्ञांना भेटावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

सर्वांत अवघड असते ती बातमीच न येणारी अनुपस्थिती. चाळीसगावचे एक दुकानदार चार वर्षे एका अनोळखी माणसाशी संदेशातून चाली पाठवत बुद्धिबळ खेळत होते, आणि मागच्या श्रावणापासून समोरून चालच आलेली नाही. "मेला म्हणून रडू की रुसला म्हणून रागावू, तेवढं तरी सांगा," असे ते मला म्हणाले. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांसोबत काम करताना अमेरिकी अभ्यासक पॉलिन बॉस यांनी हीच अवस्था अभ्यासली होती, आणि तिथे उत्तर मिळवण्यापेक्षा उत्तराशिवाय जगता येणे हेच काम असते, असे त्यांचे म्हणणे आहे. मी दुकानदारांना एवढेच सांगितले की दोन्ही करा, रडा आणि रागवाही. त्यांनी आता एका शेजाऱ्याबरोबर नवा पट मांडला आहे. जुना पट गल्ल्यामागच्या फळीवर तसाच मांडलेला आहे, काळ्याची चाल बाकी आहे, आणि तो मोडायला मी त्यांना सांगितलेले नाही.